जागच्या जागी बंद

४ मार्च

प्रिय धाकट्या,

हे फोनवर बोलता येण्यासारखं नाही. बाबांच्या आणि माझ्या खोलीत एकच भिंत आहे, आणि त्यांचे डोळे अधू झाले तरी कान शाबूत आहेत. म्हणून मेल करते आहे. तूही लिहूनच उत्तर दे.

काल बाबांनी एका बाईला उडवलंच असतं. मी शेजारी बसले होते. बाजाराच्या कोपऱ्यावर ती डावीकडून रस्ता ओलांडत होती, दोन्ही हातांत पिशव्या. मी किंचाळले तेव्हा त्यांनी ब्रेक दाबला. बंपर लागून तिची पिशवी फाटली आणि कांदे रस्ताभर झाले. बाबा उतरले, वाकून वाकून कांदे गोळा करून दिले आणि वर तिलाच समजावलं की रस्ता कुठून आणि कसा ओलांडावा. ती 'बरं मास्तर' म्हणाली. म्हणजे तीही त्यांच्याच हाताखाली गाडी शिकलेली. आपल्याकडे अर्धं गाव त्यांना मास्तर म्हणतं आणि उरलेलं अर्धं त्यांना बघून वेग कमी करतं.

चष्म्याच्या दुकानात मी दिवसभर लोकांचे डोळे तपासते. बाबांचे मीच तपासले. समोरचा तक्ता ते खालच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचतात, पण बाजूचं काही दिसत नाही. नळीतून बघावं तसं बघतात. काचबिंदू आहे. डॉक्टरांनी गाडी सोडा म्हणून स्पष्ट सांगितलं, तर म्हणाले की मी आयुष्यभर लोकांना मान वळवायला शिकवलं, आता स्वतः वळवीन. परवान्याचं नूतनीकरण करायला गेले तर तिथला साहेब उठून उभा राहिला. तोही विद्यार्थीच. गुरूचे डोळे कोण तपासणार.

मी किल्ली लपवली, त्यांच्याकडे दुसरी होती. भांडून पाहिलं, आठवडाभर अबोला झाला. तोंडावर 'तुम्हाला आता जमत नाही' म्हणायची माझी छाती नाही. तू म्हणशील का? नाही म्हणणार.

ही गाडी तू दिलीस. चोरीला गेली तर आपल्या फोनवरून जागच्या जागी बंद करता येते, असं तूच कौतुकाने दाखवलं होतंस. ते अॅप तुझ्याकडेच आहे ना? मग मधूनमधून बंद करता येईल का? घरासमोर उभी असताना. गाडीतच खोट आहे असं त्यांना वाटेल, कंटाळतील आणि कोणाचा अपमान न होता प्रकरण मिटेल.

चुकीचं वाटत असेल तर तसं सांग.

तुझी,
ताई


५ मार्च

ताई,

चुकीचं काय त्यात? मला हे आधी कसं सुचलं नाही याचंच आश्चर्य वाटतंय.

तुझ्या माहितीसाठी: अॅपमध्ये एक लाल बटण आहे. चालती गाडी त्याने थांबत नाही, त्यामुळे घाबरू नकोस. एकदा इंजिन बंद करून मास्तर उतरले आणि मी बटण दाबलं, की पुन्हा कितीही काही केलं तरी ती सुरू होत नाही. मी सोडली की सुरू. मागे काही खूण राहत नाही.

आज जेवणाच्या सुट्टीत करून पाहिलं. मास्तर बँकेत गेले होते. नकाशावर निळा ठिपका बँकेच्या दारात थांबला, मी बटण दाबलं आणि सँडविच खात बसलो. ठिपका हलेना. माझं खाणं झालं, कॉफी झाली, मग सोडून दिली. खोटं कशाला बोलू, मजा आली.

तुला आठवतं का ते मला शिकवायचे ते? मागच्या सीटवर शिकाऊ मुली बसल्या होत्या. मी चढावर गाडी बंद पाडली. ते म्हणाले, "उतर. तुला जमायचं नाही." आणि मुलींना घेऊन पुढे निघून गेले. मी पायी घरी आलो. त्यानंतर मी त्यांच्या शेजारी कधी बसलो नाही. हे काही मी धरून ठेवलेलं नाही, आपलं सहज आठवलं.

काम झालंच समज.

धाकटा


२१ मार्च

प्रिय धाकट्या,

घरासमोर म्हटलं होतं मी. तू पेट्रोलपंपावर बंद केलीस.

मागे गाड्यांची रांग लागली आणि सगळे हॉर्न वाजवायला लागले. पंपावरच्या पोरांनी गाडी ढकलून बाजूला घेतली. त्यातला एक म्हणाला, मास्तर, शिकाऊची पाटी लावा. बाबा हसले म्हणे. मला हे त्यांनी स्वतः सांगितलं, आणि सांगतानाही हसले, पण त्या दिवशी शर्ट न बदलता तसेच पलंगावर बसून राहिले.

आणि ते कंटाळलेले मुळीच नाहीत. उलट त्यांच्या अंगात वारं शिरलंय. ग्राहकाचे हक्क या विषयावर मला रोज चहाबरोबर व्याख्यान मिळतं. सदोष वस्तू गळ्यात मारली की कंपनीने ती दुरुस्त करून द्यावी, नाहीतर बदलून द्यावी, आणि माणसाने गप्प बसणं हा दुसऱ्या ग्राहकावर अन्याय आहे. सर्व्हिस सेंटरला दोनदा गाडी ठेवून आले. तिथे काउंटरवर एक मुलगी आहे, तीही त्यांचीच विद्यार्थिनी. ती बिचारी मेकॅनिकच्या मागे उभी राहून सगळं तपासून घेते. काही सापडत नाही. कसं सापडणार?

आता या गाडीच्या मालकांचा जो ऑनलाइन ग्रुप आहे, त्यात बाबा शिरलेत. पत्र लिहावं तसं लिहितात. 'सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार, आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा करतो.' मग गाडीची तक्रार. खाली ज्याने ज्याने काही लिहिलं त्या प्रत्येकाला वेगळं उत्तर, वेगळा नमस्कार. लोक टर उडवतात. कोणी म्हणतं, काका, हे पोस्ट ऑफिस नाही. बाबा त्यालाही लिहितात, सूचनेबद्दल आभारी आहे.

त्यात एक 'स्टेपनी' नावाचा आहे, तो फारच विषारी. त्याने लिहिलं, 'आजोबा, गाडी ठीक आहे, चालक मुदतबाह्य झालाय.' त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग. बाबांनी ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. मग मला विचारलं, "मी या माणसाचं काय वाकडं केलंय?"

पुरे झालं असं मला वाटायला लागलंय.

ताई


२२ मार्च

ताई,

स्टेपनी मीच.

आता लगेच रडायला बसू नकोस, आधी नीट वाच. मी त्या ग्रुपचा व्यवस्थापक आहे. मास्तर येण्याच्या आधीपासून आहे. त्यांना ते माहीत नाही, कारण तिथे खऱ्या नावाने कोणी वावरत नाही. ग्रुपवर कोणी कोणाचा बाप नसतो. एखादा चुकीचं बोलला की चार जण तुटून पडतात, त्याला वाईट वाटतं आणि तो सुधारतो किंवा निघून जातो. इंटरनेटवरच्या शिष्टाचाराचं हे एवढंच सार आहे. नमस्कार-चमत्कारांना तिथे जागा नाही.

पंपाचं म्हणशील तर ते मुद्दाम केलं. घरासमोर बंद पडली तर ते मेकॅनिक बोलावतील. चारचौघांत बंद पडली तर लाज वाटेल. माणूस लाजेनेच सुधारतो, हे मला शिकवणारे तेच.

तू त्या कांदेवाल्या बाईला विसरलीस वाटतं. उद्या पिशवीच्या जागी पोर असेल. मग लिहिशील मला, पुरे झालं म्हणून?

धाकटा


९ एप्रिल

प्रिय धाकट्या,

सर्व्हिस सेंटरची मुलगी आज घरी आली होती. सुट्टी होती तिची, गणवेश नव्हता, म्हणून मी आधी ओळखलंच नाही. बाबांना आनंद झाला. मला चहा टाकायला सांगितला. शिकताना तिने पहिल्याच फटक्यात गाडी मागे घेऊन कशी लावली होती तो किस्सा तिलाच ऐकवला.

मी ट्रे घेऊन आले तेव्हा ती खुर्चीच्या कडेवर बसून बोलत होती. म्हणाली, "मास्तर, गाडी ठणठणीत आहे. कोणीतरी फोनवरून ती बंद करतंय. आम्हाला हे सांगायची परवानगी नाही, तरी मी सांगते आहे. अॅप कोणाकडे आहे?"

बाबा म्हणाले, मुलाकडे. मग त्यांनी विचारलं, तुझं म्हणणं काय, माझा मुलगा माझी गाडी बंद करतो? ती म्हणाली, मी असं म्हणत नाही, तुम्ही त्यांना एकदा विचारा. बाबा उठून दाराशी गेले आणि दार उघडून उभे राहिले. तिने चहाला हातही लावला नाही. जाताना माझ्याकडे पाहिलं.

दार लावून बाबा माझ्याकडे वळले. म्हणाले, "ऐकलंस? गाडी खराब विकायची आणि वर घरात भांडणं लावून द्यायची." त्यांनी तुला फोनही केला नाही. करूया का, असं मी विचारलं, म्हणजे मला वाटलं तू एकदाचं सांगशील. तर म्हणाले, त्याला असलं विचारणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं. ज्याने गाडी दिली त्याला विचारू, की बाबा रे तू ती मोडतोस का?

धाकट्या, माझ्या हातात ट्रे होता आणि मी नुसती उभी राहिले.

मग ते एका बोटाने टाइप करत बसले. कंपनीकडे तक्रार केली आणि ग्रुपवर पोस्ट टाकली. पोस्टमध्ये मुलीचं संपूर्ण नाव आहे, फोटो आहे. नाव तरी काढा असं मी म्हटलं, तर म्हणाले, नाव न घेता केली तर ती तक्रार नाही, चहाडी होते.

तू व्यवस्थापक आहेस. ती पोस्ट काढून टाक. एवढं कर.

ताई


११ एप्रिल

ताई,

पोस्ट काढता येणार नाही. ग्राहकाची तक्रार काढायची नाही, असा ग्रुपचा नियम आहे आणि तो मीच केलेला आहे. मी काढली तर बाकीचे दोघे व्यवस्थापक विचारतील का काढली. आता ती पोस्ट इतक्या ठिकाणी फिरतेय की इथून काढून उपयोगही नाही. मास्तरांना पहिल्यांदाच लोकांनी डोक्यावर घेतलंय. बघ तरी, कालपर्यंत हसणारे आज 'काका, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत' म्हणतायत.

कंपनीचं मला पत्र आलं, अॅप माझ्या नावावर म्हणून. तुमच्या फोनवरून गाडी बंद केली गेली का, असं विचारलं होतं. मी दोन ओळींत उत्तर दिलं: मला कल्पना नाही, आणि तुमचे कर्मचारी ग्राहकाची खाजगी माहिती घेऊन त्याच्या घरी जातात व कुटुंबात वितुष्ट आणतात हे धक्कादायक आहे. अगदी सभ्य भाषेत. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली.

तिने खरं सांगितलं की खोटं, हा प्रश्नच नाही. सांगितलं, हा प्रश्न आहे. तरुण मुलगी आहे, दुसरीकडे लागेल.

धाकटा


२ मे

प्रिय धाकट्या,

तिला काढून टाकलं.

काल ती दुकानात आली. डोळे तपासायचे आहेत म्हणाली. मालक समोर होते, म्हणून मी तिला आतल्या खोलीत खुर्चीवर बसवलं, डोळ्यांवर ती जड चौकट चढवली आणि तक्ता लावला. ती तक्ता वाचेना. म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं. मी बोलले तेव्हा तुमच्या हातातला ट्रे हलला."

मी भिंग बदललं आणि विचारलं, हे बरं वाटतं की आधीचं?

ती म्हणाली, तीन ठिकाणी गेले. नाव टाकलं की मास्तरांची पोस्ट येते. तिसऱ्या ठिकाणी त्यांनी ती मलाच वाचायला लावली. अनोळखी माणसं फोन करून घाणेरडं बोलतात. माझे वडील आता फोन वाजला की उठून बाहेर जातात. मी पुन्हा भिंग बदललं. पुन्हा विचारलं, आणि आता? ती म्हणाली, मला आधीपासून नीट दिसतंय. चौकट स्वतःच काढून माझ्या हातात दिली आणि गेली.

मालकांनी विचारलं, काय निघालं? मी म्हणाले, काही नाही, नजर चांगली आहे.

बाबांनी ग्राहक मंचात दावा लावलाय. तारीख अठरा मे. वकील नको म्हणतात, स्वतःच बोलणार. घरात येरझारा घालत भाषणाची तयारी चालते. मी तुझ्या पाया पडते, त्याआधी तू त्यांना सांग. मला जमत नाही. तू लांब आहेस, तू सांगू शकतोस.

ताई


३ मे

ताई,

नाही.

कंपनी मंचासमोर फार ताणत नाही. मिटवतील, नवी गाडी देतील, मास्तर जिंकल्याच्या आनंदात राहतील. मग नव्या गाडीचं पुढे बघू.

आणि तुला फारच राहवत नसेल तर तू सांग. पण मग सगळं सांग. कल्पना कोणाची होती तेही सांग. चार मार्चचा तुझा मेल मी जपून ठेवलाय, तुला शब्द आठवत नसतील तर पाठवतो.

धाकटा


१९ मे

धाकट्या,

काल काय झालं ते ऐक.

बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी दुकानातून रजा घेऊन बरोबर गेले. छोटीशी खोली, वर पंखा, समोर लांब टेबल, टेबलामागे मंचाचे तिघं. बाबा उभे राहिले आणि चांगलं बोलले. हातात कागद नव्हता. गाडी कुठे कुठे बंद पडली, सर्व्हिस सेंटरने काय काय केलं, सगळं ओळीने सांगितलं. टेबलामागची बाई मान डोलवत होती. मला क्षणभर वाटलं की हे खरंच जिंकतील.

मग कंपनीचा वकील उठला. अगदी हळू आवाजात बोलला. प्रत्येक वेळी गाडी फोनवरून बंद करण्याची सूचना गेली होती, ते अॅप तक्रारदाराच्या मुलाच्या नावावर आहे, आणि दर वेळी थोड्या वेळाने तिथूनच गाडी सोडली गेली. त्याने पेट्रोलपंपाचा दिवस सांगितला. बँकेचा सांगितला. मग बाबांकडे वळून विचारलं, "म्हणजे तुमचा मुलगा तुम्हाला छळतो, असं आम्ही समजायचं का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. तेवढ्यात त्यांना कळलं, धाकट्या. तू आणि मी, दोघंही. मला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही, कारण मी वर बघितलंच नाही. पण त्यांना ते कळल्याचं मला समजलं.

ते म्हणाले, "नाही. मुलाला काही माहीत नाही. अॅप त्याच्या नावावर आहे, पण वापरतो मी. मीच बंद करत होतो. मला वाटलं, गाडी बदलून मिळेल."

वकीलही गोंधळला. टेबलामागच्या बाईने विचारलं, तुम्ही काय बोलताय ते तुम्हाला कळतंय ना? बाबा म्हणाले, हो. तिने विचारलं, आणि त्या कर्मचारी मुलीवर तुम्ही आरोप केलेत ते? बाबा म्हणाले, ते खोटे होते. मग तिने जे सुनावलं ते मी लिहीत नाही. तुमच्यासारख्या माणसांमुळे खऱ्या ग्राहकांचं नुकसान होतं, इथपासून सुरुवात होती. बाबा हात बांधून उभे होते, वर्गात उभं केल्यासारखे. दावा फेटाळला.

गाडी ते तिथेच ठेवून आले. किल्ली वकिलाच्या हातात दिली. त्याने ती परत द्यायचा प्रयत्न केला, पण बाबा चालायला लागले होते.

बसने आलो. मधेच उतरून ते त्या मुलीच्या घरी गेले. मी मागे जिन्यात थांबले. दार तिनेच उघडलं. तिला मंचातली बातमी आधीच कळली होती. तिने विचारलं, "तुम्हीच बंद करत होतात, आणि मला घालवलंत?"

बाबा म्हणाले, हो.

तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, मी सगळीकडे सांगायचे की मी मास्तरांकडे शिकले. मग दार लावून घेतलं. दोन पायऱ्या खाली मी उभी होते. पुढे होऊन एक वाक्य बोलायचं होतं. मी बोलले नाही.

मग घरी आलो. तू ग्रुपवर बघितलं असशीलच काय चाललंय ते.

ताई


२० मे

ताई,

बघितलं. फुकट्या, भामटा, काय काय म्हणतायत. मी स्टेपनीच्या नावाने काही लिहिलं नाही. बाकीच्या दोघा व्यवस्थापकांनी विचारलं, तू गप्प कसा?

आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्या बाजूने उभे राहिले, आणि तेही खोटं बोलून. तुझा मेल वाचून मला आधी हसू आलं. मग ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसलो होतो तो बसूनच राहिलो. सुरूच करवेना.

असो. एका दृष्टीने सगळं आपल्याला हवं होतं तसंच झालंय. आता ते गाडी चालवत नाहीत. कोणी मेलं नाही. तू आता शांत हो.

धाकटा


८ जून

धाकट्या,

तुला सांगायचं टाळत होते. पण आता मला कोणाला तरी सांगायलाच हवं.

त्या दिवशी घरी आल्यावर बाबा दिवाणखान्यात उभे राहिले आणि मला विचारलं, पंखा लावू का? मला वाटलं थकलेत. मी म्हटलं, लावा ना. दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं, आंघोळीला जाऊ का? मग, वर्तमानपत्र घेऊ का? मग, दिवा लावू का? आवाज चढवत नाहीत, टोमणा मारत नाहीत. दुकानात गिऱ्हाईक विचारतं तसं विचारतात. आणि मी हो म्हणेपर्यंत थांबतात.

परवा शेजारीण आली होती. तिच्यादेखत उठून म्हणाले, मी बाथरूमला जाऊन येऊ का? ती माझ्याकडे बघायला लागली. मी हो म्हणाले. आणखी काय म्हणू?

मी रडले. हात जोडले. माफी मागितली, सगळं कबूल केलं, चार मार्चचा मेलसुद्धा वाचून दाखवला, म्हणजे तुझ्याकडे आता धमकी द्यायला काही उरलेलं नाही. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. ऐकून झाल्यावर विचारलं, आता आत जाऊ का?

काल मी घाईत दुकानात निघून गेले. संध्याकाळी आले तर जेवण टेबलावर झाकलेलं तसंच. ते खुर्चीत बसलेले. मी ओरडले, जेवला का नाहीत? म्हणाले, "तू काही बोलली नव्हतीस."

तू ये. दोन दिवसांसाठी ये. त्यांच्यासमोर उभा राहा.

ताई


१२ जून

ताई,

सुट्टी मिळणं शक्य नाही. आणि येऊन मी काय करणार?

परवा त्यांनी मलाही फोन केला. मी काही म्हणायच्या आत विचारलं, "जेवू का?" मी म्हणालो, जेवा की. ते म्हणाले, बरं. फोन ठेवला. काल पुन्हा. मला वाटतं त्यांचं डोकं थोडं फिरलंय. डॉक्टरला दाखव, वयाप्रमाणे होतं असं. कागदावर तसं लिहून घेतलं तर पुढे आपल्यालाही सोपं जाईल.

तोपर्यंत फार मनाला लावून घेऊ नकोस. आपण अॅपवर अटी न वाचता 'मान्य' दाबतो ना, तसं हो म्हण आणि मोकळी हो. तू दुकानात असताना पंचाईत होते, त्यावर उपाय काढलाय. घरात लावायचा एक कॅमेरा पाठवतो आहे. त्यातून बोलताही येतं. ते विचारतील, मी इथून हो म्हणेन. तुझं ओझं निम्मं होईल.

धाकटा


३० जून

धाकट्या,

कॅमेरा पोचला. खोकं उघडलेलं नाही. मला त्याची गरज वाटत नाही.

डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी बाबांना वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले. बाबांनी न चुकता केले. डॉक्टर म्हणाले, डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतं यांचं. बाबांनी विचारलं, उठू का? डॉक्टर हसून म्हणाले, उठा. बाबा उठले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. मी हो म्हटल्यावर उठले.

तर आता आमचं असं चाललंय. सकाळी निघताना मी दिवसभराचे सगळे हो एकदम सांगून जाते. जेवा, चहा करून घ्या, बाहेर बसा, झोपा. मी जे विसरते ते ते करत नाहीत. संध्याकाळी आल्यावर काय विसरले होते ते कळतं.

मागच्या आठवड्यात एकदा मी भाजी चिरत होते. दुकानात दिवसभर उभी होते, पाय दुखत होते. ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि विचारलं, गॅलरीत बसू का? माझ्या तोंडून निघून गेलं, नको. ते बरं म्हणाले आणि आत गेले.

मी सुरी तशीच धरून उभी राहिले. आत जाऊन त्यांना 'बसा गॅलरीत' म्हणावं असं वाटलं. मग वाटलं, भाजी होऊ दे आधी. भाजी झाली, पोळ्या झाल्या, ओटा पुसला, आणि माझ्या लक्षात आलं की मी इतका वेळ गाणं गुणगुणत होते. घरात इतकी शांतता कधीच नव्हती.

आज सकाळी त्यांनी विचारलं, खिडकी उघडू का? मी नको म्हणाले. कारण काही नव्हतं.

ताई